नमुना

आमच्या भाऊजींना एप्रिलमध्ये रजा मिळते, पण त्यांचे जीवाणू त्यांना सोडत नाहीत. त्यामुळे घरातली बहुतेक लग्नं त्यांनी मोबाइलच्या पडद्यावरूनच लावली आहेत. अक्षता आपल्यावर पडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलंय की नाही, देव जाणे. कारण पडद्यावर त्यांच्यामागे बहुधा तळंच असतं आणि त्यांचं तोंड तिकडे.

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला त्रेबोन नावाचं गाव आहे. भाऊजी तिथे तळ्यांतल्या जीवाणूंचा अभ्यास करतात. सभोवार तळीच तळी, मासे पाळायला माणसांनी खणलेली. त्यातलं रोझम्बेर्क 1590 साली पुरं झालं, आणि तिथल्या तळ्यांतला कार्प मासा आजही नाताळच्या ताटात असतो. अशी इतिहासप्रसिद्ध तळी दाराशी असताना भाऊजी जातात कुठे, तर त्सेपच्या तळ्यावर. म्हणजे वाळू उपसून खड्डा पडला आणि त्यात पाणी साठलं, ते. असले खड्डे पाहायला इतक्या लांब कशाला जायचं, हा माझ्या वडिलांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

या पाण्यातले जीवाणू उजेडावर जगतात, पण पूर्णपणे नाही. त्यांना प्राणवायू लागतो; तयार मात्र ते तो करत नाहीत. अन्नही बाहेरचंच, शेवाळांनी पाण्यात सोडलेलं. शिवाय अंगात बॅक्टेरिओक्लोरोफिल असल्यामुळे उन्हाची वरकमाई चालू. उजेडात त्यांचं श्वसन कमी होतं आणि वाचलेलं अन्न अंगी लागतं. हे कळल्यापासून भाऊजी माणसांकडेही त्याच नजरेनं बघतात. आमचे नाना पेन्शन घेतात, स्वतःचा फ्लॅट भाड्याने देतात आणि जेवतात लेकाकडे. त्यांचा हा दिनक्रम ऐकून भाऊजी गहिवरले. "हे अगदी आमच्यातले!" म्हणाले. नानांनी लगेच पाठीवर हात फिरवून आशीर्वाद दिला.

2022 साली तर त्यांच्या आनंदाला पारावार नव्हता. ऑस्ट्रियातल्या गोसेनक्योलेझे या आल्प्समधल्या सरोवरातल्या एका जीवाणूजवळ उजेड पकडायची दोन वेगवेगळी यंत्रं असल्याचं जाहीर झालं होतं. एक बॅक्टेरिओक्लोरोफिलचं, दुसरं झॅन्थोऱ्होडॉप्सिन नावाच्या प्रथिनाचं. भाऊजींनी रात्री फोन करून आईला ही बातमी दिली. आईला वाटलं, ताईला दिवस गेले.

आईची चूक एवढीच, की ती "जावईबापू, हवा कशी आहे तिकडे?" असं विचारते. हवा राहते बाजूला. बर्फ वितळलं, पाणी वरखाली ढवळलं, तळाचं खतपाणी वर आलं, शेवाळ माजलं, आणि शेवाळामागोमाग 'आमची मंडळी' वाढली, असा वसंत ऋतू ऐकावा लागतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून खालच्या गार पाण्यात मिसळेनासं होतं. तोवर शेपटीवाले इवलेसे जीव टपलेलेच असतात. आमची मंडळी इतरांपेक्षा अंगानं भरलेली आणि झपाट्यानं वाढणारी, म्हणून फडशाही त्यांचाच जास्त. इथे भाऊजींचा आवाज जड होतो. आई तिकडून म्हणते, "स्वेटर घालत जा."

एका पाडव्याला त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके असलेलं छायाचित्र टाकलं. हे जीवाणू अवरक्त प्रकाशात चमकतात. तो डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याला दिसतो. मावशीने "किती सुंदर आकाश" असं लिहून हात जोडले. भाऊजींनी प्रत्येक ठिपक्याचं कूळ सांगितलं, तेव्हा तीन जणांनी ग्रुप सोडला.

एकदा कसेबसे आले, तेही चुलतभावाचं लग्न होऊन गेल्यावर, पूजेच्या जेवणाला. पंगतीत मठ्ठ्याच्या पातेल्यापाशी बराच वेळ उभे. पळी हळूहळू खाली सोडत होते आणि ती दिसेनाशी कुठे होते ते पाहत होते. अँजेलो सेक्की नावाच्या पाद्रीबुवांनी 1865 साली पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. तळ्यांवर अजूनही तीच रीत आहे. हे सारं त्यांनी वाढप्याला समजावलं. तो बिचारा, "साहेब, पातळ वाटत असेल तर दुसरं पातेलं आणतो," म्हणाला.

आता धाकट्या बहिणीचं ठरलंय. भाऊजी हवेतच, असा तिचा हट्ट. वसंत बाद. उन्हाळा बाद, शेपटीवाल्यांमुळे. शरदात पाणी पुन्हा ढवळतं, म्हणून तोही बाद. हिवाळ्यात मोकळे असतील म्हणून आम्ही मार्गशीर्ष धरला, तर बर्फाला भोक पाडून खालचं पाणी काढायचं असतं म्हणे. ताईनंच मग गुपित फोडलं: बर्फ नुकतं धरत असतं तेव्हा थोडे दिवस असे येतात, की होडी जात नाही आणि चालायला जाड थर नसतो. तेवढेच दिवस हा माणूस रिकामा.

गुरुजींनी पंचांग उघडून विचारलं, "मग हा योग नक्की कधी?"

"आदल्या दिवशी कळवतो," भाऊजी पडद्यावरून म्हणाले.