चपलांच्या खोक्यासाठी टेम्पो

घरपोच पार्सल देणाऱ्या कंपनीच्या पुणे विभागप्रमुखांस,

परवा सकाळी साडेदहाला तुमचा टेम्पो शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात शिरला. बोळ आठ फुटांचा, टेम्पो पाच फुटांचा. तिसऱ्या मजल्यावर चपलांचा एक खोका द्यायचा होता. ओटीपी सापडेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. मागे शाळेची रिक्षा अडकली, तिच्यामागे डायलिसिसला निघालेले शेजारचे काका. पार्सल घेऊन आलेल्या पोराला मी एक शब्द बोलले नाही. कुठली गाडी कुठे पाठवायची हे तो ठरवत नाही, तुम्ही ठरवता. त्यामुळे काकांचा खोळंबा मी तुमच्याच नावावर मांडते.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, ते केवळ कॉलेजला जाणाऱ्यांमुळे नव्हे. दूध, पाव, पेपर, टपाल, सगळं या बोळांत सायकलवरूनच यायचं. गॅससुद्धा! आत 14.2 किलो गॅस, टाकीसकट तीसेक किलो; अशा दोन टाक्या कॅरिअरला लटकवून गॅसवाला यायचा, चढ आला की उतरून ढकलायचा. त्याचे ते हाल परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. पण आता पेटी बसवलेली, पायडलला मोटरची साथ असलेली मालवाहू सायकल मिळते. शंभर किलो माल ती सहज नेते. मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्राच्या नियमांनुसार ती मोटार वाहनात धरतच नाहीत. नोंदणी नको, लायसन्स नको.

विजेचे टेम्पो घेऊ, असं म्हणाल. राज्याच्या 2021 च्या धोरणातही घरपोच मालाच्या गाड्या विजेवर आणायचं उद्दिष्ट होतं. धूर थांबेल, हे मोठंच काम. पण विजेचा टेम्पोही पाच फुटांचाच असतो.

टेम्पो मंडईपाशी रिकामा करा, पुढे सायकली पाठवा. आणि पोरांना पार्सलमागे पैसे न देता महिन्याचा पगार द्या, म्हणजे उलट्या दिशेने गाडी घालायची वेळ त्यांच्यावर येणार नाही.

आमच्या वाड्याची ओसरी बोळाच्या तोंडाशीच आहे. दोन सायकली लावायला आणि चार्जिंगला जागा देऊ. वाड्यातल्या सगळ्यांशी मी बोलले आहे. बघायला कधी येताय, ते कळवा.

शुक्रवार पेठेतली एक रहिवासी