पुढे मामा आहेत!

महामार्गाला खेटून असलेल्या प्रत्येक तालुक्याच्या गावात हा गृहस्थ सापडतो. आमच्या सातारा-कराड पट्ट्यात तर त्याचं पीक जरा जास्तच. त्याला आपण अण्णा म्हणू. वय पन्नाशीपुढचं, गाडी पांढरी आणि घाई कसलीच नाही. तरी अण्णा नव्वदच्या खाली येत नाहीत, कारण आज मामा कुठं उभे आहेत हे त्यांना ठाऊक असतं. एवढी पक्की खबर असताना साठनं जायचं म्हणजे खबर वायाच की!

"पुलाखालच्या बाभळीआड आज कुणी नाय. मंत्री यायचेत, सगळे बंदोबस्ताला. मार्च एंडिंगला मात्र जपून, तेव्हा मामा जेवायलासुद्धा उठत नाहीत." ही माहिती ते टपरीवर फुकट वाटतात. चहाचे पैसे मात्र तुम्ही द्यायचे.

समोरच्या गाड्यांना डिपर मारणं हा त्यांचा धर्म. सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात केस चालू आहे, पण कर्नाटक पासिंगच्या अनोळखी ट्रकवाल्याचा दंड वाचावा म्हणून हा माणूस भर दुपारी हेडलाइट उघडझाप करतो. ट्रकवाला हात वर करतो आणि अण्णा पुढचे दोन किलोमीटर खुशीत असतात.

इंटरसेप्टर दिसताच कच्चकन ब्रेक. "बघितलंस टायमिंग?" लेझर गननं काहीशे मीटर मागंच काम उरकलेलं असतं, पण हे त्यांना कोण सांगणार?

अडवल्यावर अण्णा पाहण्यासारखे. काच अर्धी खाली. सीटबेल्ट छातीवरून ओढून घेतलेला, पण टोक लॉकमध्ये नाही, मुठीत. चेहऱ्यावर लग्नातलं हसू.

"नमस्कार साहेब. गाव कुठलं आपलं?"

या एका प्रश्नावर त्यांनी उभी हयात काढली. तिसऱ्या मिनिटाला हवालदाराच्या बहिणीचं सासर अण्णांच्या भावकीत निघायचं आणि पावती फाटायची राहून जायची. फारच अडलं तर 'वरच्या साहेबांना' फोन. तो लागलेला मी तरी पाहिलेला नाही.

आता समोर येतो तो विशीतला पोरगा, हातात ई-चलनचं मशीन.

"गाव कुठलं, साहेब?"

"काका, फोटो निघालाय. जावा."

२०१९ मध्ये केंद्रानं कायदा कडक केला. महाराष्ट्रानं वाढीव दंड लावायला २०२१ चा डिसेंबर उजाडवला. तोवरची मोकळीक आपल्याच वजनामुळे मिळाली, असा अण्णांचा समज होता. कारच्या वेगाला दोन हजार म्हटल्यावर ते हबकले. पण दंड भरला नाही. "लोकअदालतीत तोडपाणी होतं," म्हणून चलनं साठवत बसले. या साठ्याचाही त्यांना थोडा अभिमान आहे.

अडचण वेगळीच निघाली. गाडी वहिनींच्या नावावर, त्यामुळे मेसेजही वहिनींच्या मोबाइलवर. ठिकाण, तारीख, वेळ, वर गाडीचा झकास फोटो.

"एकवीस तारखेला तुम्ही भावकीच्या मयतीला वाईला होता ना?" वहिनींनी भाकरी थापता थापता विचारलं. "मग सव्वाबाराला कोल्हापूरच्या अलीकडं शहाण्णवनं कुठं निघाला होता?"