शेवटच्या व्हॉल्व्हवरच्या तात्यांस

श्री. रा. रा. तात्या यांस,
मुक्काम शेवटचा व्हॉल्व्ह, पंचगंगेच्या जॅकवेलपासून चार किलोमीटर



परवाच्या वार्षिक सभेत आपण मागच्या रांगेतून उठलात, आधी पायात चप्पल नीट सरकवलीत आणि मग विचारलंत, "ह्या बोर्डात एकाला तरी पाणी कळतं का?" टाळ्या पडल्या. चेअरमन "पुढचा विषय" म्हणाले. सेक्रेटरींनी प्रोसिडिंगला 'सविस्तर चर्चा होऊन विषय एकमताने मंजूर' असं लिहिलं आणि तेवढ्यात वडे आले. आपणही दोन घेतलेत, मी पाहिलं.

प्रश्न रास्त होता. म्हणून हे जाहीर निमंत्रण. येत्या निवडणुकीत आपण आपल्या पाणीपुरवठा संस्थेच्या संचालकपदासाठी फॉर्म भरावा. मी ही खुर्ची दुसऱ्यांदा उबवतोय, तेव्हा तिचं सुख अनुभवाने सांगू शकतो.

पहिलं सुख म्हणजे झोप उडते. वीज आठ तास, त्यातही एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची. रात्रीच्या आठवड्यात दोनच्या सुमाराला फोन वाजतो, "तुमचं पाणी कुठं गेलं?" पाणी आलं की ते 'माझं' असतं तात्या, गेलं की 'तुमचं' होतं. मग बॅटरी घेऊन पाणंदीने जायचं, कुठल्या चेंबरमध्ये पाईप सुटलाय ते हुडकायचं. बरोबर पाटकरी असतो. तो दोन महिने पगाराविना असल्यामुळे अंधारातही पगाराचंच बोलतो.

दुसरं सुख नदीकाठचं. 2019 च्या ऑगस्टात पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही चौघे जॅकवेलवर चेनपुली लावून मोटर वर घेत होतो. खाली फूटफूट पाणी वाढतंय, नट गंजलेले, एक निघाला तर दुसरा फिरेना. मोटर निघाली. स्टार्टरची पेटी मात्र राहिली आणि तिच्यातल्या चिखलातून नंतर एक खेकडा निघाला. त्या वर्षीच्या सभेत आपणच विचारलं होतं, "पेटी का नाही काढली?" उत्तर आज देतो : विसरलो.

उन्हाळ्यात उलटं असतं. पावसाळा संपला की बंधाऱ्याला बरगे घालायचे आणि पाणी अडवायचं, ही आपल्या जिल्ह्याची सोय इतकी नामी, की तसल्या बंधाऱ्याला सगळं राज्य 'कोल्हापूर पद्धतीचा' म्हणतं. वर शाहू महाराजांनी सुरू केलेलं राधानगरीचं धरण आहेच. इतकं असून एप्रिल-मेमध्ये उपसाबंदीचा कागद येतो. तो कागद सभासदांना वाचून दाखवायचा मान संचालकाचा.

आता पाणी कळण्याबद्दल. मला थोडं कळतं ते असं. आपली मोटर शंभर हॉर्सपॉवरची, म्हणजे साधारण 75 किलोवॅट. आठ तास चालली की 600 युनिट जळतात. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला एक लाख लिटर लागतात. आणि आपली पाणीपट्टी? एकरी, वर्षाला ठरलेली. सरी भिजली काय, तुंबली काय, पट्टी तीच. मग नदीजवळच्या पहिल्या दहा एकरांतला माणूस व्हॉल्व्ह बंद कशाला करील? तो चहा पिऊन येतो, तोवर पाणी बांध ओलांडून ओढ्याला लागतं. चार किलोमीटरवर आपण पाईपला कान लावून बसलेले. शिरोळकडे याच उदारपणाने किती काळ्या जमिनी क्षारपड झाल्या, ते तुमच्या पाहुण्यांनाच विचारा.

म्हणूनच गेल्या वर्षी बैठकीत मी पुरंदरच्या नायगावचा दाखला दिला होता. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखेंनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा. इथवर सगळे माना डोलवत होते. "आणि उसाला बंदी" म्हटलं, तसे चेअरमनसकट सगळे लघवीला गेले.

आता मुद्द्याचं. सहकार कायद्याने आपल्या बोर्डात दोन जागा महिलांना दिल्यात, अनुसूचित जाती-जमातींना एक, इतर मागासांना एक, भटक्या-विमुक्तांना एक. चांगलंच आहे. पण शेवटच्या व्हॉल्व्हला जागा नाही. तिकडे कालव्यावरच्या पाणीवापर संस्थांना 2005 च्या कायद्याने शीर्ष, मध्य, पुच्छ असे सारखे संचालक दिले. आपण पडलो उपसावाले. नदीतून पाणी वर ओढतो, खालच्या माणसाला वर ओढायची तरतूद नाही.

आणि एक बारीक अडचण. थकबाकीदाराला संचालक होता येत नाही. आपल्याकडे तीन वर्षांची पट्टी थकीत आहे. कारखान्याच्या ऊसबिलातून कपात करावी, तर बिल निघायला ऊस लागतो आणि उसाला पाणी. "पाणीच दिलं नाही तर पट्टी कसली?" हे आपलं म्हणणं सेक्रेटरींनी इतक्यांदा ऐकलंय, की त्यांनी त्याचा शिक्का करून घ्यावा. आपल्या व्हॉल्व्हवरच्या बाकी अकराही खात्यांची हीच कथा. म्हणजे ज्याला पाणी मिळतं तो पट्टी भरतो, पट्टी भरतो तो बोर्डात बसतो आणि बोर्डात बसतो तो पाळी ठरवतो. कुणी कारस्थान केलेलं नाही तात्या. उपविधी वाचून, सही-शिक्क्यानिशी, ऑडिटला 'ब' वर्ग घेऊन हे चाललंय.

तेव्हा थकबाकी भरा आणि फॉर्म भरा. पैशांची नड असेल तर मी उसने देतो. उपकार नव्हे. आपण बोर्डात आलात तर मागच्या रांगेत एक जागा रिकामी होईल आणि मला तिथे बसून दोन वडे खायचे आहेत.

आपला,
एक संचालक

ता. क. : पाळीचा फेर शेवटाकडून सुरू करावा, असा ठराव मी पुढच्या मीटिंगला मांडतोय. अनुमोदक मिळालेला नाही. दुसऱ्या चेंबरची चावी माझ्याच घरी असते, ती केव्हाही येऊन न्या. आज मात्र रात्री अकरानंतर या, तोवर माझी लावण भिजून होईल.