मायक्रॉनराव

भोसरी एमआयडीसीत शेडगणिक एक मायक्रॉनराव सापडतात. पद सेटरचं, पगार सेटरचा, रुबाब मालकाच्याही वरचा. मूळचे साधे टर्नर. सीएनसी आली तेव्हा "हँडल फिरवायचंच नाही, तर मी इथं काय करू?" म्हणून रुसले होते. मग ऑफसेट टाकायला शिकले आणि धर्मराजाच्या रथासारखे जमिनीपासून चार अंगुळं वर चालू लागले. तीही मोजून.

आता मशीन पाच अक्षांत फिरते, प्रोब लावून जॉब स्वतःच मोजते. रावांचा भरवसा मात्र कानावर. दाराशी उभे राहून आवाज ऐकतात आणि निकाल देतात, "इन्सर्ट गेला." पोरं स्क्रीन दाखवतात, टूल लाइफ अजून शिल्लक आहे म्हणून. राव वाद घालत नाहीत. दोन-तीन जॉब रिजेक्ट होईपर्यंत शांतपणे तंबाखू मळतात. जॉब मालकाचे, धडा पोरांना, समाधान रावांना; ही वाटणी मला कधीच पटलेली नाही.

1952 साली अमेरिकेत एमआयटीनं दाखवलेली अशी पहिली मशीन भोकं पाडलेल्या पट्टीवर चालायची, असं एका इंजिनिअरनं सांगितलं. राव म्हणाले, "भोकं माणसानंच पाडली असतील ना?"

नव्या पोरानं जॉब मुठीत धरून मोजला, की ते खवळतात. शंभर मिलिमीटरचं पोलाद एका अंशानं तापलं तर एक मायक्रॉनहून जरा जास्तच वाढतं, आणि माप धरायचं ते वीस अंशांचं, ही जगाची रीत. मे महिन्यात भोसरीत वीस अंश फक्त मालकाच्या केबिनमध्ये असतात. राव जॉब घेऊन तिथं जाऊन बसतात. जॉब निवायला वेळ लागतो म्हणे. तेवढ्यात त्यांचे दोन चहा होतात.

घरी कपाटाचं दार घासू लागलं तेव्हा सुतार आला. "एखादं सूत इकडंतिकडं चालतंय हो!"

"एक सूत म्हणजे 3175 मायक्रॉन!" राव मटकन खालीच बसले.

"पावसात लाकूड फुगतंच, साहेब."

हे ऐकून राव एकदम नरमले. खुर्ची ओढत म्हणाले, "बसा. किती दमटपणाला किती फुगतं?"

सुतारानं मजुरी दोनशे रुपयांनी वाढवून सांगितली.