घाटातल्या लोखंडी खांबास

स.न.वि.वि.

पत्र कठड्याच्या पट्टीला नाही, तुम्हालाच. पट्टीशी आमचं भांडण नाही. मोटार आदळली की ती वाकते, तुम्ही जरा कलता, आणि दरीकडे निघालेलं अख्खं कुटुंब घासत का होईना, रस्त्यावर राहतं. आंबा घाटात धुकं उतरलं की तिचे रिफ्लेक्टर बघतच मी वळण घेतो. तेव्हा 'क्रॅश बॅरियर काढून टाका' म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. दरी काही मऊ नसते.

पण आम्ही दुचाकीवाले आपल्याकडे कसे येतो, हे आपण पाहिलंच असेल. वळणावर खडी, नाहीतर ट्रकमधून सांडलेलं डिझेल. गाडी आडवी, आणि आम्ही पाठीवर घसरत पट्टीखालून थेट आपल्या पायाशी. साष्टांगच म्हणा ना. परवा चहाला थांबलो तेव्हा आपल्याला जवळून पाहिलं. जस्त चढवलेला पन्हळी पत्रा, दोन्ही कडा उघड्या, एक बोल्ट भंगारात गेलेला. आणि दोन मीटरवर लगेच आपले धाकटे बंधू! एक चुकला तरी दुसरा आहेच.

२०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. सगळी आपल्या खात्यावर नाहीत, हे कबूल. पण आपल्याला उभं करताना डोळ्यांसमोर चारचाकीच होती, हेही आपण कबूल करा.

स्पेनमध्ये धोक्याच्या वळणांवर मूळ पट्टीखाली आणखी एक पट्टी बसवतात. घसरत आलेला माणूस तिच्या कडेने सरकत जातो, खांबाला भिडत नाही. थोडक्यात, आपण परकर नेसावा. सगळ्या महामार्गावर नको, घाटातल्या वळणांपुरता. हौसेला या देशात तोटा नाही: २०२३ मध्ये वणी-वरोरा रस्त्यावर २०० मीटर चक्क बांबूचा कठडा लागला, 'बाहुबल्ली' नावाचा. बारसं झालं; परकराचं तेवढं राहिलं.

कळावे, लोभ असावा. फार जवळीक नसावी.

आपला,
एक स्प्लेंडरवाला

ता. क. घाट उतरल्यावर एका ढाब्यासमोर आपल्या बिरादरीतले चौघे कापून गाड्यांना वाट केली आहे. कुठल्या मंजुरीने, कोण जाणे. पट्टी मागे चुलीपाशी पडून आहे. मालक म्हणाला, "न्या की." रविवारी पाना घेऊन येतोय.