दिवाळीपुरता पार्सलवाला

दसरा झाला की भूम या तालुक्याच्या गावात काही पोरं एकदम कामाची दिसू लागतात. अंगात कंपनीचा टी-शर्ट, तोही गेल्या दिवाळीतल्या कुणाचा तरी, म्हणून दोन मापं मोठा. बुडाखाली चुलत्याची स्प्लेंडर, पाठीवर कमरेखाली लोंबणारी पिशवी. असा पोरगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असतो, पण ते विचारू नये. गोष्ट हजेरीवर जाते. पैसे पार्सलमागे, पेट्रोल आपलं. साठलेल्या पैशातून तो नवा मोबाइल मागवणार असतो, म्हणजे तेही पार्सल त्यालाच पोचवायचंय.

पुण्यात पार्सलवाल्याला नाव नसतं. दार उघडतं, खोकं आत जातं, दार लागतं. भूममध्ये दार उघडतं तेच "कुणाचा रं तू?" म्हणत. मग आजोबांचं नाव, मूळ गाव पाथरूड का ईट, बहिणीचं जमलं का, हे सगळं खोक्याआधी पोचतं करावं लागतं. चहा नको म्हटलं तर "लई मोठा झाला", घेतला तर पुढची पार्सलं बोंबलतात. तो घेतो.

पत्ता असतो, 'खव्याच्या भट्टीजवळ'. या तालुक्यात हे म्हणजे मुंबईत 'समुद्राजवळ' म्हणण्यासारखं. इथल्याच कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खवा कुठला, हे सरकारदरबारी पक्कं झालं; भट्टीवाल्याच्या सुनेचा मिक्सर कुठं द्यायचा, हे अजून फोनवरच ठरतं. "थांब तिथंच, पोरगं पाठवते." पोरगं येतं, ते दुसऱ्याच भट्टीवरचं.

ओटीपीचं तर विचारूच नका. आकडे आबांच्या मोबाइलवर आलेले असतात, पण बँकेनं त्यांना बजावलेलं असतं, कुणालाही सांगायचे नाहीत.

"आबा, मी आपल्या गल्लीतलाच की!"

"म्हणून तर जास्त भ्या वाटतं."

रोखीच्या पार्सलाला मामी म्हणतात, "दुधाचा पगार झाला की देते. तवर खोकं राहू दे हितंच." खोकं परत न्यायला हात लावला, तर थेट आईला फोन.

एवढं सोसूनही तो खूश असतो, कारण गावाचं पोट त्याच्या पिशवीत असतं. कुठल्या गुरुजींचे केस बाटलीतून काळे होतात, कुठल्या माजी सरपंचांनी पोट आवळायचा पट्टा मागवला, सगळं त्याला ठाऊक. हे तो कुणालाच सांगत नाही. पारावरचे चौघं सोडून.

फक्त कॉलेजातल्या सरांचं पार्सल निघालं की त्याचा चेहरा पडतो. त्या दारात तो हेल्मेट काढत नाही. अख्ख्या गल्लीत हेल्मेट घातलेला एवढा एकच, म्हणून सर लांबूनच ओळखतात. निवांत चष्मा लावतात, सही करतात आणि म्हणतात, "माझी हजेरी घेतलीस. तुझी कधी देतोस?"