गोदामवीर

भिवंडीत गोदामवीर ओळखणं सोपं आहे. दिवसा तो मानकोली-अंजूरच्या पट्ट्यात कुठल्याशा गोदामात आवक-जावक बघतो आणि रात्री जेवणं उरकली की बायकोशेजारी बसून जग वाचवायला निघतो.

जग असतं ‘बाल्डर्स गेट ३’मधलं. लॅरियन या बेल्जियन स्टुडिओचा २०२३ सालचा हा गेम. त्याचे नियम आले ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ पासून टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या खेळातून. टीव्ही एकच, पडदा दुभागलेला, कंट्रोलर दोन. नायकांच्या डोक्यात अळी शिरलेली. वेळीच इलाज झाला नाही तर त्यांचाच राक्षस होणार. बायको इलाजामागे धावते. हा ओसाड घरातले चमचे गोळा करतो.

“अरे, इकडे गॉब्लिन मारतायत मला!”

“आलोच. एक पेटी राहिलीय.”

पेटीत निघतात एक दोरी आणि दोन गाजरं. “लागतं कधीतरी,” म्हणत तो तीही घेतो. ओझं वाढलं की पात्राचं चालणं मंदावतं. मग जादा माल गुपचूप बायकोच्या पिशवीत. ऐन लढाईत तिचे पाय उचलेनात, की बिंग फुटतं.

लढाई पाळीपाळीने चालते. आपली पाळी आली की हा आधी पिशवी लावायला घेतो आणि समोरचा राक्षस निमूट उभा राहतो. एवढी शिस्त अंजूरफाट्यावरच्या वाहतुकीला असती तर स्वारी रोज वेळेवर घरी पोचली असती. बोलणी करताना वीस बाजूंचा फासा पडतो. बायकोला एक पडला तर “मला बोलू द्यायचं होतंस”, ह्याला पडला तर “गेमच फालतू.”

या साठवणीचा दोष एकट्या त्याचा नाही. मुंबईची जकात टाळायला माल भिवंडीत उतरवून ठेवायचा, ही जुनी रीत. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली. गोदामं वाढतच राहिली. इथल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही.

तरी जोडीने खेळायला हा गडी वाईट नाही. मुक्काम टाकून पूर्ण विश्रांती घ्यायची तर नेहमीच्या पातळीवर ४० शिधा लागतो. इतरांची तेव्हा धावाधाव होते. ह्याच्याकडे गाजरं तयार असतात. कंट्रोलर हातात देण्याआधी एवढंच वदवून घ्या: बायकोची पिशवी म्हणजे गोदाम नव्हे.